रंगावर जाऊ नका, पत्रा बघा : वेब्रिजचं लंडन बस म्युझियम

लंडनच्या जुन्या बस बघायच्या म्हटलं की सगळे कॉव्हेंट गार्डनच्या ट्रान्सपोर्ट म्युझियमला जातात. ते म्युझियम भर शहरात आहे, इतर चार गोष्टी बघता बघता उरकतं, चांगलंच आहे. पण ज्याला बस नुसती बघायची नाही, तिच्या पोटात काय आहे ते समजून घ्यायचंय, त्याने वॉटर्लूहून लोकल पकडून वेब्रिजला जावं. सरे परगण्यात, ब्रुकलँड्सच्या आवारात, लंडन बस म्युझियम आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी सांगतो की मी एसटीचा माणूस. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी शॉपला होतो, चार्जमन म्हणून निवृत्त झालो. आमच्या फाटकातून नुसती चॅसी, म्हणजे इंजिन आणि चाकांचा सांगाडा, आत यायची. ड्रायव्हर डोक्याला फडकं गुंडाळून, उघड्यावर बसून, थेट कारखान्यापासून चालवत आणायचा. आमच्या हातून ती लाल गाडी होऊन बाहेर पडायची. तेव्हा हे परीक्षण पत्रेवाल्याचं आहे. इंजिनातलं मला जुजबी कळतं. इंजिनवाल्यांनी आपलं आपण जाऊन यावं.

लेक वोकिंगला राहते, तिथून वेब्रिज जवळच. स्टेशनापासून चालत गेलं तरी चालतं, वाट झाडीतली आहे. तिकीट ब्रुकलँड्सचं एकच असतं, बस म्युझियम त्यातच येतं. त्यामुळे आधी बाकीच्या गोष्टी अंगावर येतात. मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला जगातला पहिला ट्रॅक इथला, १९०७ चा. त्याचे तिरपे, भिंतीसारखे उभे राहिलेले काँक्रीटचे तुकडे अजून आहेत. काँकर्ड विमान आहे, नातवंडं तिकडेच पळतात. मला थांबवलं ते वेलिंग्टन बॉम्बरने. हे विमान स्कॉटलंडच्या लॉक नेस तळ्याच्या तळाशी पडलं होतं, १९८५ मध्ये वर काढलं. कापडाचं आवरण गेल्यामुळे आतला सांगाडा उघडा दिसतो. बुरुडाने टोपली विणावी तशी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची तिरपी वीण, बार्न्स वॉलिस या इंजिनिअरने बसवलेली. रिव्हेटच्या रांगा बघत मी तिथे इतका वेळ उभा राहिलो की जावई म्हणाले, "बाबा, बस पलीकडे आहेत."

पलीकडे म्हणजे एका मोठ्या हॉलमध्ये. हे म्युझियम चालवतो एक ट्रस्ट, आणि काम करणारे सगळे स्वयंसेवक, म्हणजे बिनपगारी. पूर्वी यांचं बस्तान जवळच कोबहॅमला होतं, २०११ मध्ये इथे आले. हॉलमध्ये शिरल्यावर घोड्यांनी ओढायच्या बसपासून सुरुवात होते आणि रूटमास्टरपर्यंत, म्हणजे मागून उघड्या त्या प्रसिद्ध लाल डबलडेकरपर्यंत, येता येता लंडनची शंभर वर्षं होऊन जातात. गाड्या दाटीने उभ्या आहेत, आगारात रात्री असतात तशा. त्यामुळे लांबून पूर्ण गाडी दिसत नाही, पण जवळून प्रत्येक खिळा दिसतो. मला ते सोयीचंच पडलं.

सुरुवातीच्या गाड्या भराभर बघा. के-टाइप, १९१९ ची जात. यात ड्रायव्हरला इंजिनाच्या मागून उचलून इंजिनाच्या शेजारी बसवलं, आणि तेवढ्या जागेत ४६ माणसं बसवली. त्याच्या डोक्यावर छत असलं तरी समोर काच नाही. वरच्या मजल्यावर तर छतही नाही. कारण गंमतीचं आहे: लंडनमध्ये बसची परवानगी पोलिसांच्या हातात होती, आणि वर छप्पर घातलं तर गाडी कलंडेल अशी त्यांची समजूत होती. १९२५ पर्यंत वरचे प्रवासी पावसात भिजत गेले. साहेबाच्या देशातही फाईल अशी अडकते हे बघून बरं वाटलं.

पुढे एका गाडीवर क्रमांक दिसतो, एसटी ९२२. मी थबकलो तर जावई हसायलाच लागले. ती आपली एसटी नव्हे, एईसी कंपनीच्या रीजंट गाड्यांचा एक वर्ग. ही टिलिंग कंपनीची, १९३० ची. मागचा जिना बाहेरून, उघडा. प्रवाशांचं काम संपल्यावर हिला कर्मचाऱ्यांसाठी फिरतं कँटीन केलं होतं. मग भंगारातून वाचवली, बॉडी परत उभी केली, आणि १९७२ पासून ती लंडनच्या रस्त्यावर पुन्हा तिकीट फाडून प्रवासी नेऊ लागली. हा नुसता शोभेचा नमुना नव्हता, रीतसर सेवेत होती. तिच्याजवळच टी ३१ आहे, १९२९ ची एकमजली एईसी रीगल. १९५६ मध्ये काही तरुण पोरांनी ती वर्गणी काढून घेतली. लंडनची बस कुणी खासगी माणसांनी जपण्यासाठी विकत घेण्याचा तो पहिला प्रकार. त्या काळी लोकांनी त्यांना वेड्यात काढलं असणार. नोकरी लागल्या लागल्या कुणी जुनी बस घेऊन घरी आलं तर आपल्याकडे आई काय म्हणेल?

आता ज्या गाडीसाठी मी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. जी ३५१, १९४५ ची गाय आरब. हो, कंपनीचं नावच गाय, वुल्व्हरहॅम्प्टनची. लोक हिच्याजवळून सरळ पुढे जातात, कारण दिसायला ही हॉलमधली सगळ्यात ओबडधोबड. पण पत्रेवाल्याने इथे टोपी काढावी. महायुद्धात सरकारने ठरवून दिलं की बस बांधायची तर अमुक नमुन्याचीच, फालतू काही नको. ॲल्युमिनियम सगळं विमानांना. आणि पत्रा ठोकून दोन्ही अंगांनी गोलाई आणणारे कसबी कारागीर, तेही विमानांना. मग बसच्या छताचा मागचा गोल डोम कोण ठोकणार? त्यांनी डोम ठोकणंच बंद केलं. सरळ कापलेल्या पट्ट्या कोनात जोडत जायचं, की झाला डोम. ज्याने कधी मोगरी आणि वाळूची पिशवी घेऊन सपाट पत्र्याची वाटी केलीय त्याला कळेल की यात किती तास वाचले. लाकूड वाळवायलाही वेळ नव्हता, ओलंच वापरलं जायचं. म्हणून या काळातल्या बॉड्या आतून लवकर कुजल्या, चार-सहा वर्षांतच पिलर, म्हणजे बॉडीचे उभे खांब, हलायला लागले. बाकांनाही गादी नाही, लाकडी पट्ट्या. लंडनने अशा ४३५ गाय घेतल्या होत्या. कामचलाऊ म्हणून केलेली गोष्ट सांभाळून ठेवणं हे राजाचा रथ सांभाळण्यापेक्षा अवघड, कारण ती टिकावी असं करणाऱ्यालाच वाटत नव्हतं.

हॉलमध्ये दुरुस्तीचं काम चाललेली जागा आहे आणि ती लपवलेली नाही. मी गेलो तेव्हा एका गाडीचा खालचा बाजूपत्रा काढलेला होता. आतली चौकट ॲश लाकडाची. तिकडे सागवान नाही. ॲश चिवट, वाकतं पण तुटत नाही, स्क्रू घट्ट धरतं. एका पिलरचं खालचं टोक कुजलेलं. आमच्याकडे असता तर अख्खा पिलर उपटून नवा मारला असता, दुपारच्या आत. यांनी काय केलं होतं, तर कुजलं तेवढंच कापलं, उरलेल्या जुन्या लाकडाला लांब तिरका काप दिला, नव्या तुकड्याला तसाच काप, आणि दोन्ही एकमेकांवर चिकटवून पितळी स्क्रू मारले. सांधा हातभर लांब. बोट फिरवलं तर जुनं कुठे संपलं ते नखाला लागत नव्हतं, रंगावरूनच कळत होतं. आणि स्क्रूच्या डोक्यांवरच्या खाचा सगळ्या एका रेषेत, उभ्या. उद्या वरून पत्रा बसणार, मग त्या खाचा कुणाला दिसणार नाहीत. तरी उभ्या.

काम करणारे आजोबा माझ्यापेक्षा वयाने मोठे. नोकरी आयुष्यभर बँकेत केली, पत्र्याचं काम निवृत्तीनंतर शिकले म्हणाले. माझं इंग्रजी कामापुरतं, त्यांचं सरेचं, पण हातात डॉली, म्हणजे ठोकताना पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, घेतली की फारसं बोलावं लागत नाही. मी त्यांना विचारलं, वाजवून बघू का? त्यांनी शेजारची तयार गाडी दाखवली. मी बोटाच्या मागच्या सांध्याने चाकाच्या वरचा पत्रा टकटकवत गेलो. खड्डे बुजवायला लांबी (पुट्टी) भरलेली असली की आवाज बद्द येतो, पत्रा नीट ठोकून सरळ केलेला असला की खणखणीत. सगळीकडे खणखणीत. एका जागी आवाज बदलला, तर आजोबा लगेच म्हणाले, तिथे आतून पट्टी आहे. हा माणूस बँकेत होता यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

हे सगळं करायला पैसा लागतो, चिकाटी लागते, हे लोक सांगतातच. पण लंडनच्या बस इतक्या संख्येने का वाचल्या याचं खरं कारण वेगळं आहे, आणि ते आरटी गाडीपाशी उभं राहिल्यावर समजतं. आरटी ही १९३९ ते १९५४ मध्ये बांधलेली डबलडेकर. तिच्या भावंडांसकट एकूण ६,९५६ गाड्या झाल्या. या गाड्या काढताना लंडन ट्रान्सपोर्टने, म्हणजे शहराच्या बस चालवणाऱ्या संस्थेने, असं ठरवलं की कुठलीही बॉडी कुठल्याही चॅसीवर बसली पाहिजे. त्यासाठी साचे अचूक. मग ऑल्डनहॅमला प्रचंड मोठी कार्यशाळा काढली. मुळात ती जागा भुयारी रेल्वेच्या डेपोसाठी होती, युद्धात तिथे हॅलिफॅक्स बॉम्बरचं काम झालं, आणि युद्धानंतर बसचं. गाडी आत आली की क्रेनने बॉडी उचलायची, चॅसी एका वाटेने, बॉडी दुसऱ्या वाटेने. बॉडी एका फिरत्या सांगाड्यात अडकवून चक्क कुशीवर वळवायचे, म्हणजे खालून गंज काढायला माणसाला पाठीवर झोपून डोळ्यांत कचरा घ्यायला नको. मी आयुष्यभर खड्ड्यात उतरून वर मान करून काम केलं, त्यामुळे या यंत्राचा फोटो बघून काय वाटलं ते लिहीत नाही.

खरी गंमत पुढे. बॉडीच्या कामाला चॅसीपेक्षा जास्त वेळ लागायचा. म्हणून थांबून न राहता तयार असलेली दुसरी कुठलीतरी बॉडी त्या चॅसीवर बसवून गाडी बाहेर. इतकंच नाही, आत आलेल्या गाडीचा नंबर आणि कागदपत्रं त्याच दिवशी बाहेर पडणाऱ्या तयार गाडीला लावायचे, म्हणजे रस्त्यावरची गाडी कागदावर एक दिवसही कमी व्हायला नको. त्यामुळे सोमवारी आत गेलेली गाडी आणि त्याच नंबराने बाहेर आलेली गाडी यांच्यात नंबराच्या पाटीशिवाय काही सारखं असेलच असं नाही. आता जपणारे लोक "आमची गाडी अस्सल, ओरिजनल" म्हणून वाद घालतात तेव्हा मला हसू येतं. लंडनच्या आरटीत ओरिजनल असं काही नसतंच. म्युझियममध्ये आरटी २७७५ आहे, १९५२ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या दौऱ्यावर गेलेल्या तीन बसपैकी एक. तिचा नंबर फिरून आला हे नक्की, पत्र्याचं पत्र्यालाच ठाऊक.

पण याच पद्धतीमुळे आज कुणालाही आरटी दुरुस्त करता येते. एका गाडीची खिडकी दुसरीला बसते, दरवाजा बसतो, गिअरबॉक्स बसतो. घासायची, ठोकायची, शिव्या द्यायची गरज नाही. पुढे रूटमास्टरलाही हेच तत्त्व लावलं. तिला वेगळी चॅसीच नाही. ॲल्युमिनियमची बॉडी स्वतःच भार घेते, पुढे एक आणि मागे एक अशा दोन चौकटी बोल्टने जोडलेल्या. युद्धात विमानं बांधताना जो हात बसला तो इथे कामाला आला. आरटीतल्या ५६ च्या जागी ६४ माणसं बसली आणि वजन वाढलं नाही. १९५४ ते १९६८ मध्ये २,८७६ बांधल्या, लंडनच्या नेहमीच्या सेवेतून शेवटची १५९ नंबरच्या मार्गावर ९ डिसेंबर २००५ ला उतरली, आणि अजून हजाराच्या वर शिल्लक आहेत.

रूटमास्टरचा शत्रू मात्र तिच्या पोटातच आहे. जिथे ॲल्युमिनियमला लोखंड चिकटतं आणि मध्ये पाणी शिरतं तिथे पांढरी भुकटी धरते. रत्नागिरीच्या गाड्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे यायच्या त्यांच्या पायरीखाली असंच पांढरं पीठ निघायचं. मधे झिंक क्रोमेट, म्हणजे गंज रोखणारा रंग, नीट लावलं नसेल तर रिव्हेट जागेवर राहतो आणि त्याच्याभोवतीचा पत्रा नाहीसा होतो. तिकडे ही जागा म्हणजे मागचा उघडा प्लॅटफॉर्म, जिथून लोक चढायचे. जुनी रूटमास्टर कुणी विकायला काढली तर रंग, काचा, गाद्या सोडा. खाली वाका आणि प्लॅटफॉर्मचा खालचा भाग बघा.

आत बसायला मिळतं तिथे जरूर बसा. रूटमास्टरची आतली सजावट डग्लस स्कॉट या डिझायनरने केली. खाली मरून, खिडक्यांभोवती हिरवा, छताला पिवळसर. ऐकायला जत्रेतल्या पाळण्यासारखं वाटेल, पण संध्याकाळी पिवळ्या दिव्यात डोळ्याला फार निवांत दिसतं. मळ दिसत नाही, हेही त्यात साधलंय. भिंतींना रेक्झीन, सीटवर लोकरीचं जाड मोकेट कापड. कोपऱ्यांना कुठेही धार नाही, पत्र्याची कड प्रत्येक ठिकाणी दुमडून दाबलेली. आमच्या गाड्यांत किती प्रवाशांचे सदरे फाटले ते मला माहीत आहे, म्हणून ही कड मी हाताने चाचपून बघितली.

ठरावीक दिवशी जुन्या बसमधून फेरी असते. तो दिवस साधूनच जा, नाहीतर अर्धी मजा गेली. आम्हाला आरटी मिळाली. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये डोकावलात तर स्टिअरिंगखाली एक छोटी दांडी दिसेल. क्लच नाहीच. पुढचा गिअर आधीच त्या दांडीने निवडून ठेवायचा, आणि हवा तेव्हा डाव्या पायाचं पेडल दाबून सोडायचं, की गिअर पडतो. वळणाच्या आधीच निवडून मोकळं व्हायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर. पेडल मात्र पूर्ण दाबावं लागतं. अर्धवट दाबलं तर ते स्प्रिंगच्या जोराने उलटं येतं आणि पाय जायबंदी करतं. आमचा ड्रायव्हर सत्तरीचा असेल, पण एकदाही गचका नाही. इंजिन ९.६ लिटरचं एईसी, थांब्यावर उभी असताना सगळ्या खिडक्या हलकेच थरथरतात आणि गाडी निघाली की शांत होतात.

कंडक्टरच्या गळ्यात तिकिटांची फळी आणि पंच. रंगीत छापील तिकिटं स्प्रिंगमध्ये अडकवलेली, एक ओढायचं आणि टिक्कन भोक पाडायचं. छताला लांब दोरी. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे बघून माझ्या बायकोने, जिला आत्तापर्यंत या सगळ्याचा कंटाळा आला होता, पहिल्यांदा मान वर केली. "अगंबाई, हे तर आपलंच!" आपलं कसलं, आपण यांचं घेतलं. १ जून १९४८ ला पुणे–नगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली तीही बेडफर्ड, ल्यूटनच्या कारखान्याची जात. वर बॉडी लाकडी. मी ती फोटोतच बघितली. तिच्या पिलरचा सांधा कसा मारला होता, पत्रा खिळ्याने होता की स्क्रूने, हे सांगणारं आता कुणी भेटेल असं वाटत नाही.

आता अर्धा गुण. तो या म्युझियमचा म्हणून कापलेला नाही, जुन्या गाड्या जपणाऱ्या सगळ्यांच्याच एका खोडीसाठी कापलाय. गाड्या फार चकाचक करतात. लंडनची कामाची बस कधीच अशी दिसली नसेल. कंडक्टरच्या पाठीने घासून गुळगुळीत झालेला खांब, जिन्याच्या कडेला झिजलेलं पितळ, खिडकीवर पोरांनी कोरलेली नावं, हे सगळं रंगाच्या आठ थरांखाली जातं. दहा गाड्यांत एक तरी जशी सापडली तशी ठेवावी, फक्त गंज थांबवून. मी आजोबांना हे सांगितलं. ते म्हणाले, समितीत यावरून भांडणं होतात. ऐकून समाधान वाटलं. भांडण होतंय म्हणजे विचार चालू आहे.

जावयांनी परतीच्या वाटेवर आणखी एक माहिती काढली. त्या देशात तीस वर्षांपेक्षा जुनी बस भाड्याने चालवायची नसेल आणि आठपेक्षा जास्त माणसं न्यायची नसतील, तर एकवीस वर्षांवरच्या कुणालाही साध्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येते. म्हणून तर तिकडे शिक्षक, पोस्टमन, बँकवाले घरच्या डबलडेकर बाळगून आहेत. आपल्याकडे जुनी बस आयुष्य संपलं की लिलावात जाते, आणि घेणारा ती पत्र्याच्या भावाने घेतो. मुंबईतली जुन्या धाटणीची शेवटची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला थांबली तेव्हा एखादी जपून ठेवा म्हणून लोक मागे लागले, तेव्हा कुठे त्यावर बोलणं सुरू झालं. "बाबा, तुम्ही एक घेऊन टाका, मी पार्किंगचं बघतो," असं जावई म्हणाले. जावईबापूंच्या दारात त्यांची स्वतःची गाडी जेमतेम मावते.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. दिवस पूर्ण ठेवा, कारण विमानं आणि मोटारी बघण्यातच दुपार होते. आधी थेट बसच्या हॉलकडे जा. जुन्या बसचे मेळावे वसंतात आणि शरदात असतात, तेव्हा बाहेरून खासगी मालकांच्या गाड्याही येतात आणि त्यांचे मालक बोलायला उत्सुक असतात, फक्त इंजिनाचं विचारू नका, तासभर जातो. लहान मुलांना मजा येईल, चढ-उतर करायला गाड्या आहेत. म्हाताऱ्यांनी मात्र आरटीच्या वरच्या मजल्यावर जाताना दांडा घट्ट धरावा. जिना अरुंद आणि वळणाचा आहे, आणि ड्रायव्हर दोन घंट्या ऐकल्या की तुमची वाट बघत नाही. डबा न्यायला हरकत नाही, बाहेर बाकं आहेत. थंडीत हॉलमध्येही गारठा असतो, स्वेटर ठेवा.